बाटली माझ्यासमोर फोडायची

अनया आणि ईशान,

परवा फोनवर ईशानने विचारलं, "आजी, करोनाच्या वेळी तुमच्या गावातले लोक लस घ्यायला नको का म्हणत होते? शिकलेले नव्हते म्हणून?" त्याच्या कॉलेजात या विषयावर काहीतरी लिहायचं होतं आणि त्याला एका वाक्यात उत्तर हवं होतं. मला ते देता आलं नाही. तो प्रश्न कानावर पडला आणि माझ्या डोळ्यांसमोर आपल्या कुंपणापलीकडची मथुराबाई उभी राहिली, कमरेला पदर खोचलेली आणि एक डोळा बारीक केलेली. म्हणून तिच्याविषयीच लिहिते. ईशानला त्यातून काय घ्यायचं ते त्याने घ्यावं.

मथुराबाई तुम्हाला अंधुक आठवत असेल. तुम्ही मागे आला होतात तेव्हा अनयाने तिला परदेशी चॉकलेटांचा डबा दिला होता. तिने तो डबा उलटासुलटा केला, मग मला बसवून त्यावरचं सगळं बारीक इंग्रजी मराठीत सांगायला लावलं. मी शेवटपर्यंत वाचून दाखवल्यावर म्हणाली, "अंडं न्हाय असं कुटं लिवलंय?" लिहिलेलं नव्हतं. डबा परत आला. अनयाला तेव्हा राग आला होता. पण मथुराबाई वागे ती सगळ्यांशी अशीच.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. हृदय थकलं होतं असं डॉक्टर म्हणाले. तिचा त्या डॉक्टरवरही विश्वास नव्हता.

तिची सुपारीची वाडी आपल्या वाडीला लागून. नवरा लवकर गेला, मुलगा रोह्याला कारखान्यात लागला आणि तिकडेच राहिला. घरात ती आणि तिचा धाकटा दीर सखाराम. मी शिकलेली म्हणून ती मला "बाई" म्हणायची, पण माझ्या शिक्षणाचा उपयोग तिच्या मते फक्त छापलेलं वाचण्यापुरता होता. ते खरं की खोटं हे ठरवणं तिच्याकडे.

गॅसचं सिलिंडर आलं की ती ते स्वतः हलवून बघायची आणि आणणाऱ्याला म्हणायची, "तू बी हलव. आवाज ऐक." दूध आलं की अंगठ्याच्या नखावर थेंब घेऊन तो कसा ओघळतो ते बघायची. हरिहरेश्वराला गेली तर देवळाबाहेरच्या दुकानातला नारळ घेत नसे, घरचा नेत असे, आणि पुजाऱ्याला सांगे, "आत नेऊन फोडू नका, हितंच फोडा." पुजारी वैतागे. "मावशी, देवासमोर तरी?" त्यावर ती म्हणे, "देवावर भरवसा हाय. तुमच्या आतल्या खोलीवर न्हाय."

सुपारीच्या व्यापाऱ्याशी तिचं वागणं हा तर बघण्यासारखा प्रकार होता. आपल्याकडे पद्धत अशी, की व्यापारी पोत्यात हात घालून चार सुपाऱ्या काढतो, अडकित्त्याने फोडतो आणि आतला रंग बघून भाव सांगतो. कोणती सुपारी काढायची हे त्याच्या हातात, आणि खराब नेमकी कशी सापडते हे त्यालाच माहीत. मथुराबाईने तिच्या ओटीवर वेगळा नियम केला होता. चार त्याने काढायच्या, चार तिने. त्याने काढलेल्या ती फोडणार, तिने काढलेल्या तो. बोर्ली पंचतनचा एक व्यापारी एकदा हसून म्हणाला, "काकी, मी काय चोर आहे का?"

"तसं मी म्हनलं का?" तिने अडकित्ता दाबला. "तू चोर नसशीलच. पन नसशील ते मला दिसू तरी दे."

हे वाक्य मी तेव्हा गमतीने तुमच्या आजोबांना सांगितलं. ती किती गंभीर होती ते मला फार उशिरा कळलं.

आता सखारामभाऊजींविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय लशीची गोष्ट होत नाही. शांत माणूस. उंच, किंचित वाकलेला, दम्याने छाती सदा वाजती. लग्न झालेलं नव्हतं. पोफळीच्या पडलेल्या झावळ्या गोळा करणं, पाणी सोडणं, एवढं काम ते सावकाश करत आणि कोणी काही विचारलं तर "वैनीला विचारा" म्हणत. मथुराबाई त्यांच्यापेक्षा वयाने लहान, पण घरात शब्द तिचाच. मला वाटायचं, बाईने दिराला फार दाबून ठेवलंय.

एका दुपारी आम्ही दोघी तिच्या ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो आणि मी सहज विचारलं, भाऊजींनी लग्न का नाही केलं. तिने हातातली सुपारी सोलून संपवली. मग आत भाऊजी झोपल्याची खात्री करून सांगू लागली.

आणीबाणीचा काळ. ती नुकती लग्न होऊन आली होती, सखारामभाऊजींचं लग्न ठरलेलं होतं. रेशनकार्डावर शिक्का मारून आणायला ते तालुक्याला गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, आधी पलीकडच्या मांडवात डॉक्टर बसलाय, तो पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई देईल, मग शिक्का. सुई न घेणाऱ्याचं रेशन बंद. मांडवात गेल्यावर सुई दिली, आणि ती पटकीची नव्हती. संध्याकाळी एका ट्रकमधून इतर माणसांबरोबर त्यांना गावाच्या फाट्यावर आणून सोडलं. घरापर्यंत चालत आले ते भिंतीला धरधरून. हातात तुपाचा डबा होता.

"मला म्हनले, वैनी, हे तूप दिलंय," मथुराबाई म्हणाली. "का दिलंय ते त्यांना बी ठाव नव्हतं. आठ दिसांनी दुसऱ्या गावचा एक जन आला, त्यानं सांगितलं, नसबंदी केलीय म्हनून. पोरीकडच्यांना कळलं, त्यांनी नारळ परत केला."

"आणि तूप?"

"परसात वतलं. कुत्र्यानं बी खाल्लं न्हाय." मग म्हणाली, "सासूबाई मरताना मला म्हनल्या, याच्याकडं कोन बगनार? मी म्हनलं, मी बगते. आता त्यांच्या अंगाला काय लागंल ते आधी मी बगनार, बाई. मग सरकार असू दे न्हायतर देव."

त्या दिवसानंतर तिचा संशय मला वेगळा दिसू लागला. पण पटतच होता असं नाही. माझं आणि तुमच्या आजोबांचं लसीकरण आम्ही श्रीवर्धनला जाऊन पहिल्या काही दिवसांतच करून घेतलं होतं. मथुराबाईने ते ऐकून मान हलवली. "तुमाला आदी बोलावनारच ते. तुमाला पेन्शन हाय. तुमाला मारून सरकारचा फायदाच."

गावात त्या उन्हाळ्यात नाही नाही त्या गोष्टी पसरल्या होत्या. सुई घेतली की दोन वर्षांत माणूस जातो. बायकांना मुलं होत नाहीत. मुंबईहून कोणाच्या तरी भाच्याने मोबाइलवर पाठवलं, की लस घेतलेल्याच्या दंडाला लोखंड चिकटतं. आदल्या वर्षीच्या वादळाने निम्म्या पोफळी आडव्या केल्या होत्या, कारखाने बंद होऊन पोरं घरी बसली होती, आणि कोणाचाच कोणावर भरवसा राहिला नव्हता. वादळानंतर पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा मथुराबाईने त्याला रस्त्यावरून बघू दिलं नव्हतं. चिखलात आणून प्रत्येक पडलेल्या झाडाला हात लावायला लावला होता. तेव्हा तिच्याकडे बघून हसणारेच आता तिला विचारत होते, "काकी, सुईचं काय?"

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने सांगायला हवी. तिचा संशय कोणाचा पक्ष घेत नसे. लोखंड चिकटण्याचं ऐकलं त्या दिवशी ती दुपारी आपल्याकडे आली, हातात एक पळी, एक चमचा आणि लोखंडी खिळा. "बाई, हात करा पुढं." मी बाही वर केली. तिने चमचा दाबला, सोडला. पडला. खिळा दाबला. पडला. मग माझ्या दुसऱ्या दंडावर करून बघितलं.

"त्या दंडावर घेतलीच नाही मी," मी म्हणाले.

"म्हनूनच बगते. फरक हाय का ते कळायला नको?"

फरक नव्हता. ती तडक गणपतच्या दुकानात गेली. गणपत म्हणजे नाक्यावरचा किराणावाला, मोबाइलवरच्या सगळ्या बातम्यांचा गावातला मुख्य वाटप करणारा. तिने सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तुझा भाचा खोटा. बाईच्या दंडावर खिळा राहिला न्हाय." गणपत म्हणाला, "म्हंजे सुई चांगली?" ती म्हणाली, "तसं कोन म्हनलं? भाचा खोटा एवढंच म्हनते मी."

लस द्यायला येणारी सिस्टर म्हणजे प्रज्ञा. शेजारच्या गावची, लहानपणी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. नर्सिंगचं शिक्षण घेऊन आपल्याच आरोग्य केंद्रात लागली होती. ठरलेल्या दिवशी ती निळा बर्फाचा डबा खांद्याला अडकवून अंगणवाडीत येऊन बसायची. पहिल्या खेपेला जेमतेम चारजण आले. मी तिला सोबत म्हणून बसले होते. दुपारी मथुराबाई दारात उभी राहिली.

"घ्यायला न्हाय आले. बगायला आले."

"बघा की काकी," प्रज्ञा म्हणाली.

तिने सगळं बघितलं. टेबल, डबा, सुयांची पाकिटं, कापूस. मग तापाच्या गोळ्यांच्या पट्टीकडे बोट केलं. "हे काय?"

"ताप आला तर घ्यायच्या. एखाद्याला येतो एक दिवस."

"येतो हे तुमाला आधीच ठाव हाय?"

"हो."

"मग ठाव असून देता?" मथुराबाईने माझ्याकडे बघितलं, जणू खटला तिने जिंकला होता. प्रज्ञाने शांतपणे समजावलं, शरीर लढायची तयारी करतं म्हणून ताप येतो वगैरे. मथुराबाईने ऐकून घेतलं. मग तिची नजर टेबलावरच्या छोट्या काचेच्या बाटलीवर गेली. वरचं झाकण काढलेलं होतं.

"ही उघडी का?"

"एका बाटलीत दहाजणांची लस असते, काकी. चौघांना दिली, सहाजणांची आत आहे. आता कोणी आलं नाही तर संध्याकाळी फेकून द्यावी लागेल. तुम्ही घेता का?"

"उघडलेल्या बाटलीतलं मी घेत न्हाय. नवी फोड, माझ्यासमोर."

"तुमच्या एकटीसाठी नवी फोडली तर नऊ वाया जातील. मला वर उत्तर द्यावं लागतं. दहाजण असले की नवी फोडते." प्रज्ञा कंटाळली होती. हसत म्हणाली, "आणा ना नऊ माणसं. तुमच्या डोळ्यांसमोर फोडते."

तिने ते थट्टेने म्हटलं होतं. पण मथुराबाईशी थट्टा करायची सोय नव्हती. "पुढच्या येळेला कदी येनार?" एवढंच विचारून ती निघून गेली.

पुढचे काही दिवस ती घरोघर फिरली. मी तिच्याबरोबर नव्हते, पण गाव लहान आहे, कोणाच्या ओटीवर काय बोललं गेलं ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचतं. लस चांगली आहे असं ती एकालाही म्हणाली नाही. ती म्हणे, "मला नवी बाटली फोडून बगायची हाय. मानसं कमी हायत. येता का?"

गणपतच्या दुकानातलं बोलणं मी स्वतः ऐकलं, कारण मी साबण घ्यायला गेले होते.

"काकी, तुमी घेनार?" गणपतने विचारलं.

"तिथं बाटली बगेन, मग ठरवीन."

"आनि मी मेलो तर?"

"तर कळंलच ना सगळ्यांना."

दुकानात हशा पिकला. गणपतही हसला. "पयली कोन घेनार?"

"मी. माज्या आदी त्या बाटलीत कोनाची सुई जानार न्हाय."

"म्हंजे आमी तुमचं उष्टं घ्यायचं?"

"सुई परत्येकाला नवी हाय रे गाढवा. मी पाकिटं बगून आले." एवढी एक गोष्ट तिने लशीच्या बाजूने सांगितली, आणि तीही त्याला गप्प करायला.

गंमत अशी, की प्रज्ञाने सांगून जे आले नव्हते ते मथुराबाई तपासणार म्हणून आले. जी बाई देवळातल्या नारळावर विश्वास ठेवत नाही तिच्या नजरेतून काही सुटणार नाही, असा हिशेब. त्या दिवशी अंगणवाडीच्या अंगणात घेणारे थोडे आणि बघणारे पुष्कळ अशी गर्दी होती. प्रज्ञाने मोजले. नऊ भरले.

"एक कमी आहे, काकी."

"सखारामकाका हाय की!" गणपत कुंपणाकडे हात करून ओरडला. भाऊजी तिथे उभे होते, तोंडाला टॉवेल गुंडाळून. दम्याच्या माणसाने आधी घ्यायला हवी असं प्रज्ञा कधीपासून सांगत होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मथुराबाईचा चेहरा पालटला. इतका, की गणपत दोन पावलं मागे सरला. "त्यांचं नाव काडायचं न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्यासाटीच तर बगतेय मी."

शेवटी देवळाचा गुरव पुढे आला आणि दहा झाले.

प्रज्ञाने डबा उघडला. आत तीन-चार बाटल्या होत्या. ती एक उचलणार तोच मथुराबाई म्हणाली, "थांब. ती न्हाय. ती कोपऱ्यातली." व्यापाऱ्याच्या पोत्यातून सुपारी काढावी तशी. प्रज्ञाने कोपऱ्यातली घेतली, तारीख दाखवली, ती मी मोठ्याने वाचली. झाकण काढलं. सुईचं पाकीट मथुराबाईच्या नाकासमोर फाडलं. दंडात सुई गेली तेव्हाही ती स्वतःच्या दंडाकडे बघत नव्हती, प्रज्ञाच्या हाताकडे बघत होती. मग तिच्या मागोमाग बाकीचे आले. गणपत सगळ्यात शेवटी, डोळे मिटून.

तिला दुसऱ्या दिवशी ताप आला. ती ओटीवर गोधडी घेऊन बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "आला बगा. सांगितलं होतं का न्हाय? ताप हाय." तिसऱ्या दिवशी वाडीत कोयता घेऊन गवत काढत होती.

"आता भाऊजींना नेऊ या का?" मी कुंपणावरून विचारलं.

"थांबा जरा."

"कशासाठी? तुला काही झालं नाही."

"मला न्हाय झालं. मला दमा न्हाय."

मी वाद घातला नाही. पण दिवस तसे नव्हते. बोर्लीत रोज कोणी ना कोणी आजारी पडत होतं. मथुराबाईने भाऊजींना आतल्या खोलीत बसवलं, त्यांचं ताट वेगळं केलं, बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू राखेने घासली. स्वतः बाहेरून आली की विहिरीवर आंघोळ करून मगच आत जायची. त्यांना जपण्यात तिने काही कमी केलं नाही. फक्त जे करायला हवं होतं तेच करायला ती धजावत नव्हती. दुपारी वारा पडला की भाऊजींचा खोकला आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. तुमचे आजोबा जेवता जेवता थांबायचे.

मग गणपतच्या मोठ्या भावाला ताप आला. त्याने लस घेतली नव्हती. "आपला गण्या घेतोय तर मी कशाला," असं काहीतरी म्हणाला होता. श्वास लागला म्हणून त्याला माणगावला नेलं. रुग्णवाहिका नाक्यावर आली तेव्हा मथुराबाई आणि मी कुंपणाला उभ्या होतो. तो परत आला नाही. त्याला शेवटचं बघायलाही कोणाला मिळालं नाही. तिकडेच सगळं उरकलं.

त्या संध्याकाळी मथुराबाई आपल्या पायरीवर येऊन बसली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"बाई, म्या त्याला इचारलं नव्हतं," ती म्हणाली. "दहाजन भरतील असं वाटलं तवा मी थांबले. आनकी दोन घरं फिरले असते."

"तुझं काय त्यात?"

"माजं काय न्हाय. पन न घेतल्यानं बी मानूस जातो, ते आज बगितलं." तिने तोंडावरून पदर फिरवला. "ती पोरगी परवा येनार ना? भावजींना आनते. तुमी बी या."

ठरल्या दिवशी दुपारी अंगणवाडीत फारसं कोणी नव्हतं. गणपतच्या घरी सुतक, आणि गाव घाबरून दारं लावून बसलेलं. मथुराबाईने भाऊजींना धुतलेला सदरा घातला होता. दोघं आले ते एकमेकांपासून चार हात अंतर ठेवून, ती पुढे, ते मागे. प्रज्ञाने त्यांना खुर्ची दिली. त्यांची छाती वाजत होती ती दारापर्यंत ऐकू येत होती.

टेबलावरची बाटली उघडी होती. सकाळी तिघांनी घेतली होती. मी मथुराबाईकडे बघितलं. तिने बाटलीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

प्रज्ञाने खुर्ची ओढली आणि भाऊजींसमोर बसली. "काका, ही करोनाची लस आहे. दंडात द्यायची. दुसरं काही नाही. एक दिवस ताप येईल कदाचित. देऊ का?"

"दे, दे," मथुराबाई मागून म्हणाली. "त्यासाटीच आनलंय."

प्रज्ञाने वळून बघितलं नाही. "काकी, मी काकांना विचारतेय."

भाऊजींनी सवयीने मथुराबाईकडे मान वळवली. "वैनीला..." ते म्हणाले आणि थांबले. मग प्रज्ञाकडे बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

"न्हाय म्हनलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर घरी जायचं."

"कोन काय म्हननार न्हाय?"

"नाही."

"रेशन?"

प्रज्ञाला यातलं काही माहीत नव्हतं. तिचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. पण ती हसली नाही. "रेशनचा आणि याचा काही संबंध नाही, काका. नाही म्हणालात तर नाही. परत कधी घ्यावीशी वाटली तर या, मी आहेच."

मथुराबाई भिंतीला टेकली होती. भाऊजींनी दोन-तीन खोल श्वास घेतले. मग स्वतःच्या हाताने सदऱ्याची बाही वर सारली. ती नीट सरेना, तेव्हा मथुराबाई मदतीला पुढे आली, पण त्यांनी तिला हाताने थांबवलं. बाही खांद्यापर्यंत नेली.

"मग दे," ते म्हणाले.

सुई झाली. प्रज्ञाने सांगितलं, अर्धा तास इथेच बसायचं, काही वाटलं तर लगेच सांगायचं. भाऊजी मुलांच्या चित्रांखालच्या बाकावर बसले. मथुराबाईने दुसरं बाक ओढून त्यांच्या अगदी समोर लावलं आणि बसली. तिने बोलणं सोडलं, पदराने वारा घेणं सोडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. ओठ निळे पडतात का, घाम येतो का, श्वास कसा जातो. भाऊजींनी आधी छताकडे बघितलं, मग चित्रांकडे, मग कंटाळून म्हणाले, "वैनी, किती बगशील?"

"गप बसा. बोलू नका."

मला घरी काम होतं, मी उठले. त्यानंतरही मथुराबाई मला तीन वर्षं रोज भेटत होती, भांडत होती, माझ्या दुधात पाणी आहे म्हणून सांगत होती. पण ती गेल्याचं कळलं तेव्हा मला आठवली ती त्या बाकावरची. मी दारात चपला घालत होते. प्रज्ञाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि डबा आवरता आवरता म्हणाली, "काकी, झाला अर्धा तास. न्या काकांना घरी."

मथुराबाईने मान वळवली नाही.

"तुजा झाला," ती म्हणाली. "माजा न्हाय झाला अजून."